पडदा गाजला, पान रितेच!

प्रतिनिधी, अहिल्यानगर

पुण्या-मुंबईबाहेर पत्रकारिता आणि संज्ञापनाचे शिक्षण देणाऱ्या महाविद्यालयांचा विषय निघाला, की नगरचे नाव हमखास घेतले जाते. ते घेतले जाते सिनेमामुळे. अहमदनगर जिल्हा मराठा विद्या प्रसारक समाजाच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स महाविद्यालयात संज्ञापन अभ्यासाचे पदव्युत्तर शिक्षण घेत असताना नागराज मंजुळे यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केला. शाळेची ओढ लागलेल्या एका मुलाच्या या गोष्टीला ५८व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. पुढे 'फँड्री'ने ६१व्या पुरस्कारांत दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटाचा इंदिरा गांधी पुरस्कार मिळवला आणि २०१६च्या 'सैराट'ने मराठी चित्रपटाच्या उत्पन्नाचे जुने विक्रम मोडीत काढले. याच महाविद्यालयात शिकलेले, श्रीगोंदा तालुक्यातील गव्हाणेवाडीचे भाऊराव कऱ्हाडे यांच्या 'ख्वाडा'ला ६२व्या राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षकांनी विशेष गौरवले.

जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका महाविद्यालयातील छोट्याशा विभागासाठी हे यश लहान नाही. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटला किंवा दिल्लीच्या भारतीय जनसंचार संस्थेला जी साधने आणि जे वलय लाभले, ते येथे नव्हते. तरीही येथून निघालेल्या मुलांनी मराठी पडद्याची भाषा बदलली. मात्र या शिक्षणाचा दुसरा अर्धा भाग आहे तो बातमीचा. त्या बाजूला पाहिले, की चित्र एकदम फिके पडते. सतरा हजार चौरस किलोमीटरहून अधिक विस्ताराच्या, राज्यातील सर्वांत मोठ्या जिल्ह्यात पत्रकारितेचे रीतसर शिक्षण घेतलेली मुले दरवर्षी बाहेर पडतात आणि जिल्ह्याची बातमीदारी मात्र बव्हंशी त्यांच्यावाचूनच चालते. पदवी घेतलेला पुण्याला जातो, जाहिरात संस्थेत जातो, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसतो किंवा लग्नसमारंभांचे चित्रीकरण करतो. तालुक्याच्या गावी परतून पत्रकार होणारा विरळा.

असे का व्हावे? याचे सोपे उत्तर म्हणजे अभ्यासक्रमाला नावे ठेवणे. ते अपुरे आहे. ज्या वर्गातून राष्ट्रीय पुरस्काराच्या तोडीचे चित्रपटकार निघतात, त्याच वर्गातून बातमीदार का निघू नयेत, याचे उत्तर वर्गाच्या आत थोडे आणि बाहेर पुष्कळ आहे.

'ज्ञानोदय' ते 'दीनमित्र'

नगरला वृत्तपत्रांचे वावडे होते, असे कोणी म्हणू शकणार नाही. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' १८३२मध्ये मुंबईत निघाले. त्यानंतर अवघ्या दहा वर्षांनी, १८४२मध्ये, अमेरिकन मराठी मिशनने 'ज्ञानोदय' सुरू केला तो अहमदनगरला. धर्मप्रसार हा त्याचा हेतू होता, हे उघडच आहे. तरीही विज्ञान, शिक्षण आणि सामाजिक रूढींवरील लेखनामुळे मराठी नियतकालिकांच्या इतिहासात त्याला स्वतंत्र स्थान आहे. काही वर्षांतच त्याचे बिऱ्हाड मुंबईला हलले. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्याच्या मराठी विभागाची धुरा रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी वाहिली आणि टिळकांच्या आयुष्याचा मोठा काळ नगरमध्येच गेला.

त्याहून मोलाचा वारसा आहे तो 'दीनमित्र'चा. सत्यशोधक विचारांचे संपादक मुकुंदराव पाटील यांनी १९१०मध्ये हे साप्ताहिक सुरू केले आणि नेवासे तालुक्यातील तरवडीसारख्या खेड्यातून ते वर्षानुवर्षे चालवले. छापखाना गावात, संपादक गावात आणि वाचक पोस्टाने जोडलेला, अशी ही व्यवस्था होती. कुळे, कर्ज, सावकारी, कुलकर्णी वतन, शाळा यांविषयी या पत्राने जे लिहिले, ते शहरातून कोणी येऊन लिहिले असते तर निराळे झाले असते. मुकुंदरावांच्या निधनाच्या वर्षी, १९६७मध्ये, 'दीनमित्र' थांबले. ५७ वर्षे एका खेड्यातून वृत्तपत्र निघत राहिले, ही घटना मराठी पत्रकारितेच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात ठळकपणे असायला हवी.

या दोन पत्रांकडे आज पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. दोन्ही चालली ती बाजाराच्या जोरावर नव्हे. एकामागे मिशन होते, दुसऱ्यामागे चळवळ आणि संपादकाचे घर. बातमीदाराचा संसार बातमीवर चालावा, अशी सोय या जिल्ह्यात तेव्हाही नव्हती. फरक इतकाच, की त्या काळी पत्रकारितेची पदवी नव्हती आणि ती घेण्यासाठी कोणाच्या आईवडिलांनी कर्ज काढले नव्हते.

पदवी आली, पद आले नाही

पत्रकारितेचे विद्यापीठीय शिक्षण महाराष्ट्रात उशिरा आले. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात १९५२मध्ये त्याचा आरंभ झाला. पुणे विद्यापीठाचा, रानडे इन्स्टिट्यूट याच नावाने ओळखला जाणारा विभाग १९६४चा. नंतर इतर विद्यापीठांत विभाग निघाले, यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठामुळे नोकरी करत करत पत्रकारिता शिकण्याची सोय झाली आणि उपग्रह वाहिन्यांचा सुकाळ सुरू झाल्यावर दोन हजारच्या दशकात तालुक्याच्या महाविद्यालयांपर्यंत 'मास कम्युनिकेशन' हा शब्द पोहोचला. पडद्यावर माईक हातात धरलेला प्रतिनिधी दिसू लागला आणि मुलांना त्यात भविष्य दिसू लागले.

अहिल्यानगर जिल्हा पुणे विद्यापीठाच्या, म्हणजे आताच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या, कार्यक्षेत्रात येतो. साहजिकच येथल्या विद्यार्थ्यापुढे दोन वाटा असतात. पुण्यात जाऊन खोलीभाडे, खाणावळ आणि शुल्क यांचा मेळ घालायचा किंवा नगरलाच राहून शिकायचे. पाथर्डी, जामखेड, शेवगाव, कर्जत या पट्ट्यातल्या कुटुंबाला दुसरी वाट परवडते. ऊसतोडीसाठी दरवर्षी घर सोडणाऱ्या कुटुंबातल्या मुलाला तर पुणे हा विचारही नसतो. म्हणूनच जिल्ह्याच्या ठिकाणी असा विभाग असणे हा सोयीपुरता मुद्दा राहत नाही. कोणत्या घरातले मूल लेखणी किंवा कॅमेरा हाती घेणार, हे त्यावरून ठरते. मंजुळे आणि कऱ्हाडे यांचे चित्रपट ज्या घरांतून, वाड्यांतून आणि पालांतून येतात, ती घरे पुण्याच्या महागड्या खासगी माध्यम संस्थांच्या प्रवेश यादीत क्वचितच दिसतात.

तथापि असे अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित तत्त्वावर चालतात. शुल्कातून खर्च भागवायचा, तर अध्यापक तासिका तत्त्वावर नेमावे लागतात. कायम प्राध्यापकांच्या भरतीचे घोंगडे राज्यात वर्षानुवर्षे भिजत पडले, त्याचा फटका अशा लहान विभागांना अधिक बसतो. ज्याच्यापाशी नेट किंवा सेटचे प्रमाणपत्र आहे, त्याने अनेकदा बातमीची रात्रपाळी पाहिलेली नसते आणि ज्याने वीस वर्षे जिल्हा परिषद, न्यायालय आणि पोलीस ठाण्याच्या बातम्या दिल्या, तो नियमाने वर्गात उभा राहू शकत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२मध्ये व्यवसायातील अनुभवी मंडळींना 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' म्हणून नेमण्याची वाट मोकळी केली खरी. पण अशा नेमणुकीचे मानधन कोण देणार, हा प्रश्न जिल्ह्याच्या महाविद्यालयात लगेच उभा राहतो.

सिनेमालाच वाट का सापडली?

एकाच प्रकारची मुले, एकच इमारत, तेच शिक्षक. मग चित्रपटात जे साधले ते बातमीत का साधले नाही? याची कारणे दोन्ही व्यवसायांच्या रचनेत आहेत.

लघुपट करायला एक गाव, काही दिवस, उसना कॅमेरा आणि संगणकावर संकलन करणारा एक मित्र पुरतो. डिजिटल तंत्राने फिल्मच्या रिळाचा आणि प्रयोगशाळेचा खर्च संपवला, तेव्हा या कलेचे दार गरिबाला किलकिले झाले. शिवाय चित्रपटाचा न्यायनिवाडा दूरचा असतो. महोत्सवाचा परीक्षक किंवा राष्ट्रीय पुरस्काराची समिती नगरच्या राजकारणात गुंतलेली नसते. दिग्दर्शकाचे आडनाव, त्याचा कारखाना, त्याचा गट यांच्याशी तिला कर्तव्य नसते. चित्रपट चांगला असेल तर त्याला बाहेरून मान मिळतो आणि तो मान घेऊन दिग्दर्शक पुढचे भांडवल उभे करू शकतो. खडतरच वाट ती. पण वाट आहे.

बातमीचे तसे नाही. ती रोज द्यावी लागते, ती ज्याच्याविषयी असते तो त्याच गावात राहतो आणि ती छापणाऱ्याचे उत्पन्न बहुधा त्याच्याच जाहिरातीवर अवलंबून असते. जामखेडच्या शाळेतील गैरव्यवहार उत्तम रीतीने उघडकीस आणणाऱ्या पंचवीस वर्षांच्या बातमीदाराला कोणतेही पुरस्कार मंडळ दुसऱ्या दिवशी पगार देत नाही. त्याची बातमी चांगली की वाईट हे ठरवणाऱ्यांत ती ज्यांच्यावर आहे तेही असतात. चित्रपट एकदा बनला की तो गाव सोडून जगभर जातो. बातमीदाराला मात्र तालुका सोडता येत नाही.

मंजुळे आणि कऱ्हाडे यांच्या यशाचा आणखी एक अर्थ आहे. आपल्या भागातले वास्तव सांगण्याची तळमळ आणि कुवत या मुलांत भरपूर आहे. ती कुवत जिथे वाट सापडली तिकडे वाहिली. 'फँड्री'तील जातवास्तव किंवा 'ख्वाडा'तील मेंढपाळांची भटकंती हे विषय वृत्तपत्रांचेही होते. ते पडद्यावर आधी आणि पानावर नंतर आले, याचा विचार वृत्तपत्रांनी करायला हवा.

तालुका वार्ताहर नावाची 'नोकरी'

मराठी वृत्तपत्रसृष्टी ज्या खांबांवर उभी आहे, त्यांतला सर्वांत कमी दिसणारा खांब म्हणजे तालुका वार्ताहर. मोठ्या दैनिकांच्या जिल्हा आवृत्त्या निघू लागल्या, तसा हा वर्ग वाढला. 'सार्वमत', 'नवा मराठा', 'समाचार', 'नगर टाइम्स' यांसारख्या स्थानिक दैनिकांची जिल्ह्याला परंपरा आहेच. त्यांत राज्यव्यापी दैनिकांच्या आवृत्त्यांची भर पडली आणि पानांना रोज चौदा तालुक्यांच्या बातम्यांची भूक लागली.

ही भूक भागवणारा माणूस मात्र बहुतेक ठिकाणी कर्मचारी नसतो. त्याला नेमणुकीचे पत्र असेलच असे नाही. मानधन असले तर ते पेट्रोललाही पुरत नाही. त्याची खरी मिळकत जाहिरातीच्या कमिशनवर असते. दिवाळी अंक, वर्धापनदिनाची पुरवणी, नेत्याच्या वाढदिवसाचे पान यांचे उद्दिष्ट त्याला दिलेले असते. म्हणून तो शिक्षक, किराणा दुकानदार, विमा प्रतिनिधी किंवा शेतकरी असतो आणि उरलेल्या वेळात पत्रकार असतो. त्यांतले अनेक जण निष्ठेने काम करतात, गावासाठी शत्रुत्व पत्करतात. परंतु ज्या सभापतीकडे सकाळी जाहिरात मागायची, त्याच्याच कारभारावर संध्याकाळी लिहायचे, ही अपेक्षा माणसाच्या ताकदीबाहेरची आहे. २००९च्या विधानसभा निवडणुकीनंतर 'पेड न्यूज'चे प्रकरण देशभर गाजले आणि प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१०मध्ये त्यावर सविस्तर अहवाल दिला, तेव्हा चर्चा मालक आणि उमेदवारांची झाली. त्या साखळीच्या तळाशी हा बिनपगारी वार्ताहर होता, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

कायद्याचे संरक्षणही त्याच्यापर्यंत पोहोचता पोहोचता विरते. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी २०११मध्ये अधिसूचित झाल्या, सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये त्या वैध ठरवल्या. पण कागदावर जो कर्मचारीच नाही, त्याने वेतनश्रेणी कोणाकडे मागायची? पत्रकारांवरील हल्ले रोखण्यासाठी राज्य विधिमंडळाने २०१७मध्ये कायदा संमत केला. त्याचा आधार घेण्यासाठीही आधी आपण पत्रकार आहोत हे सिद्ध करावे लागते.

आता या चौकटीत दोन वर्षे संज्ञापनाचा अभ्यास केलेल्या तरुणाला बसवून पाहावे. संपादनाची तत्त्वे, माध्यमांचे कायदे, संशोधन पद्धती हे सारे शिकून तो तालुक्याला परततो, तेव्हा त्याला देऊ केले जाते ते ओळखपत्र आणि जाहिरातीचे उद्दिष्ट. घरच्यांना तो काय सांगणार? २०२०च्या कोरोना साथीत वृत्तपत्रांनी पाने आटवली, आवृत्त्या गुंडाळल्या, माणसे कमी केली. त्यानंतर तर ही वाट आणखी अरुंद झाली. तिची जागा घेतली ती हातात 'बूम' घेतलेल्या यूट्यूब वाहिन्यांनी. त्यांत काही चांगली कामे होत आहेत, हे नाकारता येत नाही. पण त्यांचेही अर्थकारण पुन्हा शुभेच्छांच्या जाहिरातींवर येऊन थांबते. माध्यम बदलले, तरी ताटात वाढणारा हात तोच राहिला.

बातमी मात्र अवघड होत गेली

या सगळ्यात नुकसान केवळ काही तरुणांचे झाले असते, तर गोष्ट वेगळी होती. नुकसान वाचकाचेही झाले आहे, कारण जिल्ह्याची बातमी पूर्वीपेक्षा कितीतरी गुंतागुंतीची झाली आहे.

पाण्याचेच उदाहरण घ्यावे. भंडारदरा आणि मुळा धरणांचे पाणी जायकवाडीला सोडायचे की नाही, यावरून जिल्हा तुटीच्या वर्षी ढवळून निघतो. हा वाद २००५च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातील समन्यायी वाटपाच्या तरतुदीचा आहे. मेंढेगिरी समितीच्या अहवालाने दिलेला जायकवाडीतील ६५ टक्के साठ्याचा निकष त्यात कळीचा ठरला आणि मुंबई उच्च न्यायालयात त्यावर दीर्घकाळ युक्तिवाद झाले. ही बातमी 'पाणी पळवले' या तीन शब्दांत देता येते आणि अनेकदा तशीच दिली जाते. ती नीट द्यायची तर कायदा वाचावा लागतो, खोऱ्याचा नकाशा समजावा लागतो आणि राहुरीच्या शेतकऱ्याबरोबर पैठणच्या शेतकऱ्याचेही ऐकावे लागते.

दुसरे उदाहरण सहकाराचे. लोणीला १९५०च्या सुमारास प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि या जिल्ह्याने देशाला सहकाराचा धडा दिला. त्याच जिल्ह्यात शतकाहून जुन्या नगर अर्बन सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३मध्ये रद्द केला. पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचे छत्र असते. त्यापलीकडच्या ठेवीदारांची झोप उडाली. बँक एका रात्रीत बुडत नाही. ताळेबंद, थकबाकीचे प्रमाण, तारण मालमत्तेचे मूल्यांकन, लेखापरीक्षकाचे शेरे यांत त्याची चाहूल आधी लागत असते. वार्षिक अहवाल वाचून ती चाहूल वाचकांना वेळीच सांगू शकणारे बातमीदार प्रत्येक तालुक्यात असते, तर पतसंस्था आणि बँकांत आयुष्याची पुंजी ठेवणाऱ्या निवृत्त शिक्षकाला किंवा दूध उत्पादकाला सावध होता आले असते. हे काम हौसेने किंवा उरलेल्या वेळात होणारे नाही.

आणि साधन म्हणावे, तर तेही याच मातीतले आहे. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या आंदोलनाने महाराष्ट्राच्या २००२च्या माहिती अधिकार कायद्याला बळ दिले. देशाचा कायदा २००५चा. माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहावा, अपील कसे करावे आणि हाती आलेल्या कागदातून बातमी कशी काढावी, हे नगर जिल्ह्याच्या पत्रकारिता वर्गाइतके दुसरीकडे कुठे शिकवले जायला हवे?

वर्गात काय कमी पडते

येथेच शिक्षणाच्या वाट्याची उणीव मान्य करावी लागते. संज्ञापनाच्या अभ्यासक्रमांतील सिद्धांत बहुतांशी अमेरिकेतील आणि युरोपातील वाचक-प्रेक्षकांच्या अभ्यासातून आलेले आहेत. त्यांत गैर काही नाही. पण तमाशाचा फड, कीर्तन, ग्रामसभा, आठवडे बाजार आणि आता गावागावांतील व्हॉट्सॲप समूह यांतून खेड्यात माहिती कशी फिरते, याचे शास्त्रशुद्ध विवेचन करणारी मराठी पाठ्यपुस्तके हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मुलगा मराठीत विचार करतो, इंग्रजी टिपणे पाठ करतो आणि परीक्षा झाली की दोन्ही विसरतो.

दुसरी उणीव प्रात्यक्षिकाची. चित्रपटाचे प्रात्यक्षिक म्हणजे चित्रपट, तो लोकांसमोर जातो. बातमीचे प्रात्यक्षिक मात्र बहुतेक महाविद्यालयांत 'सराव अंक' या नावाने छापून विभागाच्या कपाटात जाते. ज्या बातमीने कोणाला राग येत नाही, कोणी खुलासा मागत नाही आणि चूक झाली तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापावी लागत नाही, तिने बातमीदार घडत नाही.

अमेरिकेतील मिसूरी विद्यापीठाने पत्रकारितेचे विद्यालय १९०८मध्ये सुरू केले, त्याच दिवसापासून तेथील विद्यार्थी आणि अध्यापक कोलंबिया या लहान शहरासाठी प्रत्यक्ष वृत्तपत्र काढत आले आहेत. तेथील नगरपालिका, शाळा मंडळ आणि न्यायालय यांच्या बातम्या शिकाऊ मुले देतात आणि अनुभवी संपादक त्या तपासतात. इतके दूर जायचे नसेल, तर उत्तर प्रदेशातील चित्रकूट येथे २००२मध्ये सुरू झालेल्या 'खबर लहरिया'चे उदाहरण आहे. बुंदेलखंडातील ग्रामीण स्त्रियांनी, त्यांतही अनेक दलित स्त्रियांनी, प्रशिक्षण घेऊन स्थानिक बोलीत वृत्तपत्र चालवले आणि नंतर ते मोबाईलच्या पडद्यावर नेले. दोन्ही ठिकाणी शिक्षण आणि प्रत्यक्ष वृत्तपत्र यांत भिंत नव्हती.

करता येण्याजोगे

नव्या शैक्षणिक धोरणाने एक संधी आणून दिली आहे. राज्याने २०२३मध्ये ठरवलेल्या आराखड्यानुसार पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला किंवा क्षेत्रीय प्रकल्पाला चार श्रेयांक आहेत. न्यू आर्ट्ससारख्या स्वायत्त महाविद्यालयाला तर अभ्यासक्रम ठरवण्याची मोकळीकही अधिक आहे. हे प्रशिक्षण एखाद्या कार्यालयात बसून प्रमाणपत्रावर शिक्का घेण्यापुरते करायचे, की दर सहामाहीला प्रत्येक तालुक्यात दोन विद्यार्थी पाठवून तेथील पंचायत समिती, बाजार समिती, ग्रामीण रुग्णालय आणि न्यायालय यांचा वृत्तांत नियमितपणे लोकांपुढे ठेवायचा, हे विभागांच्या हाती आहे. आता बातमी लोकांपर्यंत पोहोचवायला छापखान्याची गरज उरलेली नाही. जिल्ह्यात 'रेडिओ नगर' आणि बाभळेश्वरच्या कृषी विज्ञान केंद्राचा रेडिओ अशी सामुदायिक केंद्रे उभी राहिली. सामुदायिक रेडिओला वृत्तप्रसारणाची मर्यादा असली, तरी बाजारभाव, आरोग्य, पाणी आणि शिक्षण यांची माहिती देण्यास ती आड येत नाही.

अर्थात सारा भार महाविद्यालयांवर टाकून वृत्तपत्रांना हात झटकता येणार नाहीत. जाहिरात आणणारा आणि बातमी देणारा माणूस वेगळा ठेवणे, ही सुधारणा मालकांच्या हातची आहे. चौदा तालुक्यांत एकदम ते जमणार नसेल, तर दोन-तीन तालुके मिळून एक पगारी, शिकलेला, जाहिरातीच्या उद्दिष्टातून मोकळा असा प्रतिनिधी नेमून सुरुवात होऊ शकते. सहकारी संस्था, पाणी, आरोग्य अशा विषयांवर सहा महिन्यांची शोधवृत्ती देणे एखाद्या दैनिकाला किंवा शिक्षणसंस्थेला जड नाही. मात्र जिल्ह्यातील बहुतेक शिक्षणसंस्थांवर राजकीय घराण्यांचा वरचष्मा आहे, हे विसरून चालणार नाही. आपल्याच कारखान्याचा ताळेबंद आपल्याच महाविद्यालयातील विद्यार्थ्याने वाचून दाखवला, तर संस्थाचालकांना ते रुचेल काय? विद्यार्थ्यांच्या बातमीदारीला संपादकीय स्वातंत्र्याची लेखी हमी असल्याखेरीज असा उपक्रम पहिल्याच कठीण बातमीला बंद पडेल. त्यासाठी संस्थेबाहेरचे ज्येष्ठ पत्रकार आणि निवृत्त न्यायाधीश यांचे छोटेसे सल्लागार मंडळ नेमता येईल.

वाचकालाही यात वाटा उचलावा लागेल. चहाच्या एका कपाहून स्वस्त वृत्तपत्र आणि फुकट यूट्यूब यांची सवय लागलेल्या समाजाला स्वतंत्र बातमीदार हवा असेल, तर त्याचा पगार कोणीतरी द्यायला हवा. तो वाचकाने दिला नाही, तर जाहिरातदार देणार आणि जाहिरातदार दिला त्या पैशाचा मोबदला मागणार.

२०२४मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. ज्या अहिल्यादेवी होळकरांचे नाव दिले, त्या याच जिल्ह्यातील चौंडीच्या. त्यांच्या कारभाराचे कौतुक होते ते रयतेची गाऱ्हाणी थेट ऐकून घेण्यासाठी. आजच्या रयतेचे गाऱ्हाणे वर पोहोचवण्याचे काम ज्यांनी शिकून घेतले आहे, अशा मुलांची नवी तुकडी यंदाही प्रवेश घेईल. त्यांतले एखादे मूल उद्या चांगला चित्रपट करील, याविषयी आता कोणाला शंका नाही. पदवीनंतर शेवगाव किंवा जामखेडला परतून दहा वर्षे बातमीदारी करण्याइतका पगार त्यांच्यातल्या दोघातिघांना तरी मिळेल काय, एवढे जिल्ह्यातील संपादकांनी आणि संस्थाचालकांनी एकत्र बसून आधी ठरवायला हवे.